ताटावरचा हात

माझ्या साठीच्या जेवणाचा व्हिडिओ मुलानं दोन महिन्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी तो सकाळी चहा पिता पिता पाहिला आणि मला शिसारी आली. स्वतःचीच.

व्हिडिओत नवं काही नव्हतं. दाल-बाफल्यांचा, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या भाजक्या गोळ्यांचा, बेत होता. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ताटावर हात आडवा धरून बसलेली आणि तुपाची वाटी घेऊन मी तिच्यावर ओणवलेला. ती म्हणतेय, "नको रे, पित्ताचे खडे निघालेत. डॉक्टरनं तूप बिलकुल बंद केलंय." मी म्हणतोय, "एका बाफल्यानं काय होतं ताई? कुछ नी होता. हात काढ, नाहीतर हातावरच ओततो." ती हात काढत नाही. मी ओततो. तूप तिच्या बोटांच्या बेचक्यांतून, अंगठीवरून ओघळत ताटात उतरतं. सगळे हसतात. ताईही हसते, पदराला हात पुसते आणि तुपात भिजलेला तो बाफला मोडायला घेते.

त्यात माझा चेहरा जवळून दिसतो. खालचा ओठ पुढे आलेला, डोळे बारीक झालेले आणि सगळीकडे जिंकल्याचा तुपकट आनंद. आमच्याकडे याला माया म्हणतात. ताटावर आडवा आलेला हात चुकवून वाढणारा तो खरा यजमान, आणि मी त्यातला पट्टीचा. ऑफिसातले लोक म्हणायचे, साहेबांकडे जेवायला जायचं तर आदल्या दिवशी उपास करावा. मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

मी बायकोला म्हटलं, "हे फार घाणेरडं दिसतंय."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज दिसलं का? त्या दिवशी ताई बाथरूममध्ये उलट्या काढत होत्या. तुम्ही बाहेर लाडवांचं ताट घेऊन उभे होतात. मला म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई इथून जवळच, महूला एकटी राहते. दर रविवारी बसनं आमच्याकडे यायची. साठीच्या जेवणानंतर मात्र तिचे गुडघे दुखू लागले, तिच्याकडे पाहुणे येऊ लागले, बसला गर्दी होऊ लागली. मी प्रत्येक सबब खरी मानली होती. आईवडील गेल्यावर माझ्या लहानपणातलं एकच माणूस उरलं होतं आणि त्याला मी वाढून वाढून घराबाहेर घालवलं होतं.

त्याहून किळस आणणारी गोष्ट म्हणजे मला हे माहीत असायला हवं होतं. वडील असेच वाढायचे. थंडीच्या दिवसांत माझ्या ताटात शेवटचा बाफला हमखास पडायचा. बघता बघता त्याच्यावरचं तूप थिजायचं, पांढरा थर धरायचा, आणि तो संपेपर्यंत उठायची परवानगी नसायची. एकदा मी तो चड्डीच्या खिशात कोंबला. तूप मांडीवरून गुडघ्यापर्यंत आलं. तो चिकट गारवा अजून आठवतो. त्या वेळी मी मनात वडिलांना नाही नाही ते बोललो होतो. मोठा झाल्यावर त्यांचीच वाटी हातात घेतली आणि तिला माया म्हणू लागलो.

एकदा लक्षात आल्यावर ही खोड जिथे तिथे दिसू लागली. मुलगा म्हणतो स्वेटर नको, मी त्याच्या बॅगेत कोंबतो. शेजारी म्हणतात चहा नको, तोवर आधण चढलेलं असतं. समोरच्याचं 'नको' माझ्या कानात शिरतं खरं, पण मी ते लाडिक 'हो' समजून निकालात काढतो. मी ठरवलं, आता बस्स. दुसऱ्याच दिवशी शेजारचे आले, पोहे खाल्ले, बशी बाजूला सारली आणि मी त्या बशीत आणखी पोहे आणि वर मूठभर शेव टाकून मोकळा. हात आपला आपण गेला होता. ते गेल्यावर त्यांनी चिवडलेले पोहे मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात ओतले. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तेव्हा डबा घेऊन मीच खाली गेलो. झाकण उघडलं तर रात्रभरात आंबलेला भपकारा नाकात गेला. इतकी वर्षं मी प्रेमानं वाढलेलं बरंचसं अन्न याच वाटेनं गेलं असणार.

शेवटी बायकोनंच मार्ग सांगितला. "तुम्ही उभे राहिलात की तुमच्या हाताला डाव लागतोच. तेव्हा आधी तुम्ही बसायचं. भांडी मधे ठेवायची. ज्याचं त्यानं घ्यायचं." पाहुण्याच्या आधी यजमानानं पानावर बसायचं, या कल्पनेनंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बसायला लागलो. पहिल्यांदा जमलं नाही, एकदा तर डाव हातातून काढून घ्यावा लागला. पुढे हळूहळू जमू लागलं.

मग ताईला फोन केला. म्हटलं, "ये ना रविवारी. मुगाची खिचडी करू, बिनतुपाची. मी वाढणार नाही."

"तुझं काही खरं नाही," ती म्हणाली. "बघते."

ती आली. खिचडीचं पातेलं मधे होतं. मी आधी बसलो. तिनं स्वतःच्या हातानं थोडीशी खिचडी घेतली आणि आम्ही महूच्या गप्पा मारत जेवू लागलो. 'आणखी घे' असं मी एकदाही म्हणालो नाही. तिचं ताट रिकामं होत आलं तेव्हा माझी बोटं वळवळली, पण मी ती मांडीखाली दाबून धरली. मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

तांब्यातलं पाणी संपलं होतं, म्हणून मी उठलो.

ताई बोलता बोलता थांबली. तिचा डावा हात वर आला आणि ताटावर आडवा झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाणी आणतोय गं," मी म्हणालो.

"हो, आण ना," ती म्हणाली. मी आत जाऊन तांब्या भरून आणला, तिच्या भांड्यात पाणी ओतलं आणि माझ्या जागेवर बसलो. मी पुन्हा जेवायला लागेपर्यंत तिनं ताटावरचा हात काढला नाही.