साच्याचा साचा

जगात यंत्रं दोनच प्रकारची असतात, आजारी आणि रुसलेली, आणि नुसता तळहात टेकवून त्यांतला फरक सांगणारा एकच माणूस पृथ्वीवर आहे. तो सुरतेच्या गोडादऱ्यात, बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. वरच्या मजल्यावरचे काका धुळ्याकडून तरुणपणी सुरतला आले आणि तेव्हापासून एका लूमखात्यात मास्टर आहेत, म्हणजे बंद पडलेले माग चालू करणारे. मागाला इथे सगळेच ‘साचा’ म्हणतात. आठ साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे काका कानांनी कमी आणि हातांनी जास्त ऐकतात, आणि बोलतात ते असं, की समोरचा माणूस जणू सातव्या साच्यापलीकडे उभा आहे. लग्नाला जातानाही त्यांच्या खिशात पाना असतो. एकदा ऐन दिवाळीत त्यांनी आमच्या मिक्सरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि “बेअरिंग!” असं ओरडले. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, तेव्हा मिक्सर परत जोडला गेला. तो आता मांजरासारखा गुरगुरतो, हे मात्र मान्य करायला हवं.

माझं नेमकं उलटं. शाळा इंग्रजी, घर मराठी, गल्ली गुजराती आणि हिंदी. कुठल्या भाषेत तोंड उघडायचं हे ठरेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून मी कमीत कमी शब्दांत काम उरकते. कॉलेजने प्रोग्रामिंगमधले ‘क्लास’ वापरून एक साधा गेम लिहायला सांगितला होता आणि मी जिन्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. काका वरून उतरले.

“काय करी राह्यनी व पोरी?”

“क्लास लिहितेय, काका. क्लास म्हणजे साचा. त्यातून ऑब्जेक्ट निघतात.”

मला करंजीच्या साच्यासारखा साचा म्हणायचं होतं. काकांचा चेहरा उजळला. “मंग तसं सांग ना! साचामातून कापड निघस!” आणि ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. त्यांचा गैरसमज दूर करायला मला किमान चार वाक्यं लागली असती. त्यापेक्षा गेम बदलणं सोपं होतं. अशा रीतीने माझ्या गेममधल्या अंतराळयुद्धाचं लूमखातं झालं. आठ साचे चालू आहेत, कुठेतरी तार, म्हणजे कापडाचा धागा, तुटते, आणि खेळणाऱ्याने कापड बिघडायच्या आत धावत जाऊन ती जोडायची.

दुसऱ्या दिवशी काका आले ते तावातावात. “साचामातून कापड निघस, पन साचा कशामातून निघस?” मी म्हटलं, “तोच क्लास, काका. साच्याचा साचा.” ते इतके खूश झाले की दुधवाल्यालाही त्यांनी हे समजावलं.

मग त्यांनी स्वतः कोड लिहायला घेतलं, एका बोटाने, पाना फिरवावा तसं कळीवर जोर देऊन. आणि प्रत्येक फंक्शनमध्ये कंसातलं ‘सेल्फ’ विसरायला सुरुवात केली. संगणक म्हणे, एकही गोष्ट घ्यायची नसताना एक दिली आहे. काका भडकायचे. “मी काहीच दिन्हं नही, आनि हाऊ म्हनस एक दिन्हं!” मी सांगायची, तो साचा स्वतःलाच आत घेऊन येतो. “बिनबोलावता?” “हो. म्हणून त्याची जागा ठेवायची.” त्यांना ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागे, “काका, सेल्फ!” आयुष्यात मी इतकी कधीच ओरडले नव्हते. खालच्या भाभींनी माझ्या आईला हळूच विचारलं, ही सेल्फ कोण, आणि तिला सारखी हाक का मारता?

मी आठही साचे एकसारखे केले होते. काकांनी पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, खात्यात नवीन मशिनं येताहेत; सोमवारी हे आठही भंगारात जाणार. “एकसारखा साचा कुठे राहतस? सोमवारना पहिले बठ्ठा आठले गेममा बराबर टाकी दे.” आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेले. दोन नंबर ढगाळ हवेत तार तोडतो. पाच नंबर डाव्या बाजूने दोनदा ठोकल्याशिवाय सुरू होत नाही. आठ नंबर मालक आला की थांबतो. त्यासाठी मला मालकाचाही क्लास लिहावा लागला. त्याला काम काहीच नव्हतं, फक्त येणं होतं.

रविवारी दुपारपर्यंत सात साचे लिहून झाले. पाच नंबर काही केल्या जमेना. एकदा ठोकलं तरी निमूट सुरू व्हायचा. “हाऊ तो नही,” काका म्हणत. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा ते खात्यावर होते आणि मी कॉलेज बुडवून जिन्यात, पाच नंबरशी झटत.

संध्याकाळी ते आले, पाना खिशात नव्हता. मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी डावी कळ एकदा दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. पाच नंबर हलला. काकांनी कळांच्या बाजूला तळहात टेकवला, डोळे मिटले. आतला पंखा घुमत होता.

“हाई बंद कयं, की हाई साचा कुठे जातस?”

“पुसले जातात, काका. क्लास राहतो. चालू केलं की पुन्हा तयार होतात.”

“पाच नंबरले डावीकून ठोकानं, ते राहीन?”

“राहील. ते लिहून ठेवलंय.”

त्यांनी हात उचलला. “मंग करी टाक बंद,” ते म्हणाले, इतक्या हळू, की ऐकायला मला जवळ सरकावं लागलं.