रंगवलेली फौज

शाम खरगोणकरांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मनाजोगती केली, ती म्हणजे बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवणं. इंदूरला पलासियातल्या विम्याच्या कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली, पण आठवण काढावी असं तिथे त्यांच्या हातून काही झालं नाही. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांचे डोळे तिरळे असायचे. ते त्यांनी काडीने नीट केले आणि तिथून हा नाद लागला. पुढे पटावर लढाई खेळायचे प्लास्टिकचे सैनिक मिळू लागले, करडे, बिनरंगाचे. जुनी इंदूरच्या घरात खिडकीशी बसून शामराव एकेका चेहऱ्याला आठवडा लावत. कुणाच्या गालावर व्रण, कुणाच्या कमरेला मळका रुमाल.

रविवारी विजय नगरला हृषीकेश नावाच्या एका पोराच्या फ्लॅटवर डाव बसे. सगळी आयटीतली पोरं आणि हे एकटे पिकल्या केसांचे. पण त्यांची फौज पटावर उतरली की पोरं आधी मोबाइल काढून फोटो घेत. त्या फोटोंसाठी शामराव आठवडाभर जगत, असं म्हटलं तरी चालेल.

मग उजव्या डोळ्याचा पडदा गेला. डाव्याचाही भरवसा डॉक्टर देईनात. शामरावांनी फौज विकायची ठरवली. त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई म्हणाल्या, असू द्या की कपाटात, खायला मागतात का? त्यावर ते म्हणाले, माझ्यामागे तू कबाडीला देशील. बाईंनी विषय सोडला, कारण त्यांनी खरंच दिली असती.

पैशाची ओढ नव्हती. फौज न मोडता कुणाकडे तरी जावी, आहे त्या रंगात खेळली जावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण तसं घेणारा सापडेना. जुन्या वस्तूंच्या अॅपवर फोटो टाकले, तर एकाने केकवर लावायला चालतील का म्हणून विचारलं. दुसऱ्याने लिहिलं, भिया, खिलौने का इतना? शौकीन लोकांच्या ग्रुपवर दूरच्या एका गृहस्थाला फक्त सेनापती आणि तोफा हव्या होत्या.

शेवटी ते विजय नगरच्या, असे खेळ विकणाऱ्या एका दुकानात गेले. तिथे असा वापरलेला माल घेत. दुकानदाराने भिंगातून बघितलं, चहा मागवला आणि चाचरत म्हणाला, "अंकलजी, बुरा मत मानना. काम सुंदर है. पण रंगवलेल्याला भाव नाही. घेणाऱ्याला आपला रंग द्यायचा असतो. आम्हाला हे धुऊन रंग काढावा लागेल."

शामरावांनी एकेक सैनिक पुन्हा रुमालात गुंडाळला. चहा तसाच राहिला. रिक्षात बसल्यावरही त्यांचे कान गरम होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी हृषीकेशला फोन केला. ब्रश धरायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं. तो लगेच घरी आला, कपाटापुढे मांडी घालून बसला आणि अरुंधतीबाईंना म्हणाला, "काकू, यांच्या हातचं काम मुंबई-पुण्यातसुद्धा नाही. ही फौज बाहेर जाता कामा नये." शामरावांचा ऊर भरून आला. दुकानदाराने जो भाव दिला असता त्याच्या निम्म्यात त्यांनी फौज दिली. घरच्या माणसाशी भाव काय करायचा, आणि अट तरी कुठल्या तोंडाने घालायची? पुढे काय करणार, हे विचारणंही त्यांना अपमानाचं वाटलं. उलट निघताना त्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी डावाचा निरोप आला नाही. पुढच्याही नाही. नीट दिसत नसलं तरी आपली फौज पटावर उभी आहे एवढं जवळून बघावं, म्हणून शामराव सिटी बसने विजय नगरला गेले.

दार हृषीकेशनेच उघडलं. हातात रबरी मोजे होते. आतून जंतुनाशकाचा दवाखान्यासारखा वास आला. बाल्कनीत बादली होती. तिच्यातलं पाणी गढूळ झालं होतं आणि तळाशी गाळ साचला होता. शेजारी वर्तमानपत्रावर सैनिक वाळत घातले होते, करडे, सगळे एकाच चेहऱ्याचे. एक जुना दातांचा ब्रश अजून लाल होता.

शामराव उभेच राहिले. हृषीकेश क्षणभर ओशाळला, पण सावरला.

"काका, पेंट काढला की रेट डबल येतो. मार्केटच तसं आहे. आणि तुम्ही तर विकूनच टाकलं होतं ना?"

यात खोटं काहीच नव्हतं. दुकानदाराने हेच तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा शामरावांना ते खरं नको होतं, कौतुक हवं होतं. तेवढं हृषीकेशने पुरवलं होतं.

त्यांना बसायला खुर्ची मिळाली. थोड्या वेळाने हृषीकेश सेनापतीला घेऊन आला. झग्याचा निळा रंग घासून घासून पापुद्र्यासारखा झाला होता, पण निघाला नव्हता. चेहरा तसाच होता. बरं झालं तुम्ही आलात, म्हणाला, हा काही केल्या सुटत नाही. रंगाखाली कोणता कोट दिलाय?

शामरावांनी सेनापतीला डाव्या डोळ्याजवळ धरलं. गालावरच्या व्रणावरून नख फिरवलं.

"गाडीला मारतात तो प्रायमर आहे," ते म्हणाले. "नुसतं भिजवून नाही जायचा. आधी कोमट पाण्यात ठेव, मग टोकदार काडीने काढ. डोळ्यांपासून सुरू कर. तिथे थर पातळ आहे."

हृषीकेशने त्यांच्याकडून सेनापती घेतला आणि काडी शोधायला आत गेला.