बांधावरचं गवत

केदारखेड्याच्या भुजंगला संशय यायला कारण लागत नसे. दुकानदारानं हसून गूळ दिला, तरी हा घरी येऊन तो परत जोखायचा. थोरल्या भावाशी, कारभारीशी, वाटण्या झाल्या आणि मधल्या बांधावर खुणेचे दगड पुरले गेले. भाऊ हळूहळू बांध कोरतो, असं त्यानं तेव्हापासून मनात पक्कं धरलं. बांधावरचं गवतसुद्धा तो कुणाला उपटू देईना. रोज सकाळी गवत दोन्ही हातांनी बाजूला सारून तो एकेक दगड चाचपायचा. दगड जागेवरच असायचे. त्यानं तर तो जास्तच सावध व्हायचा.

जेवण मात्र भावाकडेच. बायको वारल्यापासून वहिनी झुंबरबाई त्याला वाढायची. तशी ती लग्न होऊन आल्यापासूनच वाढत होती. सासू नव्हती, भुजंग तेव्हा चड्डीतला पोर. त्याचं पोट भरल्याशिवाय तिनं कधी स्वतःच्या तोंडात घास घातला नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी त्याची मान खाजू लागली. मग पापण्या सुजल्या, कोपराच्या आतल्या लवणी चिघळल्या, चेहरा काळा पडून जाड झाला. धावड्याला बहिणीकडं, गिरिजाबाईकडं, जाऊन राहिला तर उतार पडला. परत आला की पुन्हा तेच. भुजंगला एवढा पुरावा बास होता. धावड्याला वहिनीच्या हातचं जेवण नव्हतं ना! तो स्वतःच भाकऱ्या थापू लागला. तरी खाज थांबेना, तेव्हा पारावर बसून म्हणाला, "खाण्यातून न्हाई जमलं, तं आता भानामती करून राह्यली. माझ्या माघारी जमीन कोणाला जाती, तुम्हीच सांगा."

कुणी काही सांगितलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. गावात बारसं असलं तरी झुंबरबाईला बोलावणं येईना. ती पाण्याला गेली की बाया आपापली पोरं पदराआड घेत.

शेवटी गिरिजाबाईनं त्याला जालन्याला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. निघण्याआधीही भुजंग बांधावर जाऊन आला होताच. वहिनीच्या घरातून गुपचूप उचललेली भाकर त्यानं फडक्यात बांधून आणली होती.

"हे तपासा साहेब. नक्की विष हाय यात."

डॉक्टर हसले नाहीत. त्याच्या मुंडाशात अडकलेली पांढऱ्या बारीक फुलांची काडी त्यांनी चिमट्यानं काढली. भाकरीचा तुकडा आणि त्या काडीचं पान त्याच्या पाठीवर वेगवेगळं चिकटवलं आणि दोन दिवसांनी बोलावलं.

पट्ट्या निघाल्या तेव्हा गिरिजाबाई वाकून बघत राहिली. "भाकरीखाली कायबी न्हाई, भुजंगा. पानाखाली नुसते फोड आलेत बघ."

"हे गाजरगवत," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळांना यानं काही होत नाही. पण आपल्या रक्तात राखणदार असतात. आपलं कोण, परकं कोण, हे ओळखणं त्यांचं काम. तुम्ही रोज या गवतात हात घातलात आणि एक दिवस त्यांनी याला वैरी ठरवलं. एकदा ठरवलं की ते विसरत नाहीत. गवत जरा अंगाला लागलं की धावून जातात, आणि त्या मारामारीत कातडी तुमचीच जळते."

 भुजंगनं फडक्यातली वाळलेली भाकर परत बांधली आणि घरी येईतो हातातून सोडली नाही.

तो सरळ भावाच्या चुलीपुढं जाऊन बसला. "वहिनी, चुकलं माझं. भाकर दे."

 झुंबरबाईनं ताट वाढलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्यासमोर चावून गिळला आणि मग ताट पुढं सरकवलं.

"जेवा आता, भावजी."

"असं नको गं करू," म्हणताना त्याला रडू आवरेना.

पुढं कारभारीनं सगळा बांध साफ केला. भुजंगची कातडी निवली, गावही बोलायचं थांबलं. पण त्याला वाढताना पहिला तुकडा आपण खायचा, हे झुंबरबाईनं मरेपर्यंत सोडलं नाही.