भागुजींची विनिया

भागुजी ओतूरच्या कॉलेजात शिपाई होते. पण लायब्ररीतलं कुठलं पुस्तक कुठं दडलंय, हे ग्रंथपालांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. इतिहासाचे सर किल्ल्यांच्या वेढ्यांवर लेख लिहीत होते, तेव्हा कोशांची ने-आण यांचीच. एका पानावर भागुजी अडले.

"सर, ही विनिया म्हंजी काय?"

सर खूश झाले. मास्तरला कुणी आपणहून विचारलं की आणखी काय हवं! विनिया हा लॅटिन शब्द. तटावरून बाण येत असताना रोमन सैनिक भिंतीपर्यंत पोचायचे ते या हलत्या छपराखालून: लाकडी सांगाडा, त्यावर फोकांचं विणकाम आणि आग लागू नये म्हणून ओलं कातडं. "आणि गंमत म्हणजे," सर म्हणाले, "त्यांच्या भाषेत विनिया हाकतात. गुरं हाकायला जे क्रियापद, तेच."

भागुजींना हे फार आवडलं.

दोन हजार दोन साली गावच्या उसात बिबट्या शिरला. शेजारच्या कोंडाबाईची शेळी त्यानं भरदुपारी नेली. बसून गवत कापणाऱ्या माणसावर तो मागून येतो, म्हणून भागुजींच्या बायकोनं, चिमाबाईंनी, गाईच्या चाऱ्यासाठी बांधावर जाणंच सोडलं. "गाय इकून टाका," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. ती गाय त्यांनी वासरापासून वाढवलेली.

दोन रविवार बसून त्यांनी बांबूची विनिया विणली. कातड्याऐवजी ताडपत्री टाकली आणि मोडक्या हातगाडीची चाकं लावली. सगळी आळी बघायला लोटली. "भागुजी, खुराडं लई मोठं झालं राव!" हौशीराम म्हणाला. भागुजींनी ती ढकलत बांधावर नेली आणि पाटाच्या ओलीत चाकं आसापर्यंत रुतली. हसं झालं ते झालंच.

तेवढ्यात महिनाभर बांधाकडं न फिरकलेल्या चिमाबाई तरातरा आल्या.

"अवो, तुमच्या रोमन लोकांनी काळी माती बघितली व्हती का? चाकं काढा. खाली फळ्या ठोका, मंग घसरंल."

बोलून झाल्यावर आपण कुठं उभ्या आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी भागुजींच्या हातातला विळा घेतला.

फळ्यांवर विनिया घसरली आणि गाय विकली नाही. आठवड्यानं कोंडाबाई विळा घेऊन बांधावर आली. "आत जागा हाय का?"

चिमाबाई सरकल्या. "ये की. मी कापते, तू हाक."