कप्तानबाईंचा चहा

आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याला दर रविवारी मुंग्या लागतात. ज्या झाडाला आम्ही आंबट ताक घालतो, त्याला मुंग्या का लागाव्यात, हे कोडं मला सुटत नव्हतं.

रविवारचा चहा मी करतो. दोन कप घेऊन आम्ही दोघं अंतराळयानाची मालिका बघत बसतो. ती अकरा वर्षं चालू आहे. परवा यानाच्या कप्तानबाईंनी चहात दोन चमचे साखर घातली आणि माझं डोकंच फिरलं.

"ही बाई पहिल्यापासून बिनसाखरेचा पिते!" मी ओरडलो. "लेखक झोपलेत का?"

माणसं प्रकाशापेक्षा वेगानं पळोत, मरून पुन्हा कामावर येवोत, माझी काही तक्रार नाही. पण ज्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं काढली, त्याचा साधा चहा लक्षात राहू नये? अशा लोकांच्या हाती यान द्यावंच कशाला?

हे मी मोठ्यानं बोलत होतो. बायको आपला कप उचलून गॅलरीकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"मी साखर सोडून चार वर्षं झाली," ती म्हणाली आणि तिनं चहा कुंडीत ओतला.

"अगं, मग सांगायचं ना!"

"तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा कप्तानबाई संकटात होत्या."

मी गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. कुंडीच्या काठावर मुंग्या आधीच रांगेत उभ्या होत्या. माझा स्वभाव त्यांना तोंडपाठ होता.