बयाबाई जैसलमेरला जातात

बेलापूरला आम्ही राहायला आलो तेव्हा इमारतीच्या जिन्याला कठडासुद्धा धड बसला नव्हता, पण मासळीवाली मात्र ठरलेली होती. दिवाळे गावच्या बयाबाई टोपली घेऊन तीन मजले चढत, दारात टेकत, आधी पाणी मागत आणि मग भाव सांगत. पन्नाशीच्या बाई. सगळ्यांना 'तू' म्हणायच्या, सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा. मला ते फार आवडायचं, कारण चेअरमन मला मुळीच आवडत नसे.

१९८४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्याला ओढल्या होत्या आणि बयाबाईंच्या टोपलीत ताज्या मासळीच्या जागी सुके बोंबील आले होते. बोंबील देता देता त्या म्हणाल्या, "बाय, मना कुठंतरी लांब जायचा हाय. एकटीला."

"कुठे?"

"त्येच तर ठरवायचा हाय."

मी लगेच शहाणपण शिकवायला बसले. पावसात कुणी प्रवास करतं का? दरडी कोसळतात, गाड्या रखडतात. दिवाळीनंतर जा, हवा चांगली असते. बयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवालीनंतर आमचा घो दर्यात आसतो," त्या म्हणाल्या. "तो दर्यात आसला का माझा पाय गावाभाईर पडत नाय. रात्री वारा सुटला का मी उठून बसतंय. पावसात तो जमिनीवर आसतो. मंग मी जानार कवा?"

माझा नवरा मंत्रालयात जातो आणि दिवेलागणीला घरी येतो. येणार की नाही, हा प्रश्न मला कधी पडलेला नाही. मी निमूटपणे शाळेचा जुना नकाशासंग्रह काढला.

बाईंच्या अटी साध्या होत्या. समुद्र नको, तो जन्मभर पाहिला. पाऊस नको, त्यात सुकी मासळी सादळते. आणि देवस्थान नको, कारण देव असला की तिथे गावातलं कुणीतरी भेटतंच. पावसाच्या नकाशात गडद हिरवा रंग म्हणजे भरपूर पाऊस, असं मी सांगितलं. त्यांनी कोकणावरून बोट उचललं आणि पार वर, अगदी फिकट जागी टेकवलं.

"इतं काय हाय?"

"वाळू. जैसलमेर म्हणतात."

"ठरला मंग."

घरी गोवर्धनने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, आधी विरोध केला आणि मग मीपण येतो म्हणाला. "तू आयलास का मी तितंपन तुझीच भाकर भाजीन," असं म्हणून बाईंनी तो बेत तिथेच संपवला. मात्र जाण्यापूर्वी त्याच्याकडून एक शब्द घेतला. मी परत येईपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही. खाडीतसुद्धा नाही. भर पावसात निवट्या-चिंबोऱ्यांच्या लोभाने काही जण खाडीत उतरत, आणि त्यात गोवर्धन पहिला. त्याने शब्द मोडला, तर बयाबाई पुन्हा कधी गाव सोडणार नाहीत, हे त्यांनी मला जिन्यातच सांगून ठेवलं होतं.

त्या गेल्या. मला इकडे चैन पडेना, कारण नकाशा माझा होता. शेवटी बोंबलांचं निमित्त काढून मी दिवाळ्यात गेले. गोवर्धन ओट्यावर जाळं शिवत बसला होता, आणि तोंड असं की विचारूच नये. समोर भरतीचं पाणी चढत होतं आणि शेजारचे दोघं होडी लोटत होते. त्यांनी हाक मारली. याने मान वर केली, पाण्याकडे पाहिलं, आणि दोरा दाताने तोडला.

"तुमी जावा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्र नाय, काय नाय. घरात बसलेल्या मान्सानं काय समजायचा?"

हा प्रश्न बयाबाईंनी आयुष्यभर स्वतःला विचारला असणार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बोंबील घेतले आणि निघाले.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली तशा बयाबाई जिना चढून आल्या. रंग आणखी रापलेला, चेहरा खुशीत. वाळू छान होती म्हणाल्या, पण बसायला ऊन फार. धर्मशाळेत सुक्या मासळीच्या वासावरून भांडण झालं, ते त्यांनी जिंकलं. मग पाण्याचा तांब्या हातात घेऊन सांगू लागल्या.

"बाय, आमच्यात मानूस दर्यावरून आयला, का पायावरचा खार धुवायला दारात गोड्या पान्याचा हंडा ठेवतान. लगीन झाल्यापासून मी ठेवतंय. मी आयली तं होडी व्हती तितंच, पावसासाठी वर पाला घातलेली. आन दारात हंडा भरून ठेवलेला. शेजारीन बोलली, रोज सांजचा भरतो नि सकाली वततो."

"पण तुम्ही तर वाळवंटातून आलात," मी म्हटलं. "खार कसला?"

"तेच बोलली मी त्याला. येडा हाय." बयाबाईंनी पदराने डोळे पुसले. "पन धुतले पाय. सगला हंडा संपवला."