एका पायावर दहा सेकंद

बहिणीच्या नातीला आणायला बालवाडीत गेलो होतो. व्हरांड्यात एक बाप आपल्या चार वर्षांच्या मुलीला एका पायावर उभं करून मोबाईलवर सेकंद मोजत होता. आत बाई एकेका मुलाची प्रगती तपासत होत्या आणि त्यांच्या तक्त्यात ‘एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते’ असा एक रकाना होता.

“सहाच झाले, पिल्लू. परत.”

“बाबा, आता तू उभा राहा ना!”

“मला कोण मार्क देणारे? चल, पाय वर.”

मला किळस आली. त्या तक्त्याची आली, आणि मूल कशाने हसतं हे न विचारता ते किती सेकंदांनी डुगडुगतं हे लिहून ठेवणाऱ्या शहाण्यांची आली. सगळ्यांत जास्त त्या बापाची आली, कारण वीस वर्षांपूर्वी मी अगदी तसाच उभा होतो, फक्त माझ्या हातात घड्याळ होतं.

तोल गेला की माझा निखिल माझा शर्ट पकडायचा. मी त्याची बोटं सोडवायचो. “धरायचं नाही. बाई मार्क कापतील.” पंधरा दिवसांत तो शिकला. प्रगतिपुस्तकात ‘उत्तम’ आलं आणि मी ऑफिसात पेढे वाटले.

गेल्या महिन्यात निखिलची नोकरी गेली. मला ते शेजाऱ्यांकडून कळलं. फोन केला, तर शांतपणे म्हणाला, “काही नाही बाबा. मी बघतो माझं माझं.”